हरणांसाठी एक एकर गवत

श्रोतेहो, नमस्कार.

रोहिण्या सरत आल्या की मराठवाड्यात घरोघरी एकच बोलणं असतं. सोयाबीन किती, तूर किती, बियाणं घरचं की दुकानचं. या बोलण्यात आज मला एक एकर वाढवून मागायचं आहे. तुमच्या शेतातलं नाही, गावच्या गायरानातलं. आणि ते पेरायचं आहे हरणांसाठी.

मला माहीत आहे, हे ऐकून पारावर बसलेले आबा म्हणतील, "अरे, पेरलेलं खाऊन जातात ती, त्यांना अजून पेरून घालायचं?" हा राग खोटा नाही. मूग नुकता उगवून आलाय आणि रात्रीतून काळविटांचा कळप ओळीच्या ओळी शेंड्यापासून खाऊन गेलाय, हे ज्याच्या वावरात घडतं त्यालाच त्याची झळ कळते. म्हणून आधीच सांगतो, एक एकर गवत पेरलं म्हणजे पिकाचं नुकसान थांबलं, असं होत नाही. पण दिवाळीनंतर काय होतं ते बघा. माळ पिवळा पडतो, गायरान चरून उघडं झालेलं असतं, आणि शिवारात हिरवं राहतं ते फक्त आपलं हरभऱ्याचं रान. वेळ अमावस्येला आपण शेतात जेवायला बसतो ना, त्या दिवसांत हरणाला हरभऱ्याशिवाय दुसरं काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. दुसरं काहीतरी शिल्लक ठेवायचं, एवढाच या एकराचा हेतू.

आपल्याकडे गौताळा औट्रम घाट, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर ही अभयारण्यं आहेत. पण काळवीट आणि चिंकारा अभयारण्याची हद्द बघून चरत नाहीत. बालाघाटच्या माळावर, गावाशेजारच्या मुरमाड पडीकात, पिकांच्या मधल्या पट्ट्यांत ते राहतात. म्हणजे त्यांना जगवायचं की नाही, हे बरंचसं गावाच्या हातात आहे.

पेरायचं काय? उत्तर सोपं आहे, गवत. दाणा नाही, मका नाही, आणि लग्नातली उरलेली चपाती-भाकरी तर अजिबात नाही. काळवीट हा मुळात गवत खाणारा प्राणी. चिंकारा झुडपांचा पाला, बोरं, शेंगा जास्त खातो. दोघेही रवंथ करणारे. त्यांच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्मजीव असतात आणि ते रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात. उन्हाळ्यात उपाशी हरणापुढे कुणी दयेपोटी मक्याची रास ओतली, तर पोटात आम्ल वाढून ते जनावर मरू शकतं. आपल्या बैलाने पोत्यात तोंड घालून ज्वारी खाल्ली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. हिरवी ज्वारी पेरायचा मोहही टाळा. पावसाने ताण दिला की कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं. किराळ लागून गाय मरते, तसंच हरीणही दगावू शकतं.

गवत कोणतं, तर आपलंच. हलक्या मुरमाड जमिनीत पवना आणि अंजन, जरा खोल काळी असेल तिथे मारवेल. मारवेल ओळखायला सोपं आहे. एक काडी उपटून पेऱ्यापाशी नीट बघा, पेऱ्याभोवती पांढऱ्या बारीक केसांचं कडं दिसेल. जनावर हे गवत आवडीने खातं, आणि बांधावर अजूनही कुठे कुठे ते तग धरून आहे. कुसळी मात्र आणून लावू नका. पावसाळ्यात कोवळी असताना ती चालते, पण पुढे तिची टोकदार कुसळं तोंडात आणि कातडीत घुसतात.

गवताच्या जोडीला शेंगवर्गीय हवं. मटकी, कुळीथ, चवळी चारीकडे विखरून टाका. पहिल्या वर्षी गवत जोर धरेपर्यंत तेवढाच पाला मिळतो आणि जमिनीत नत्रही पडतं. स्टायलो नावाचा शेंगवर्गीय चारा लावतात तो मूळचा परदेशातला, पण हलक्या जमिनीत टिकतो आणि गवत वाळल्यावरही काही काळ हिरवा राहतो. कडेच्या पट्ट्यात थोडा टाकायला माझी हरकत नाही, सगळं रान त्याने भरू नका. त्याच्या बियांचं कवच कठीण असतं. कडक तापलेल्या, पण उकळत नसलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून मग सावलीत सुकवून पेरलं तर उगवण चांगली होते.

आता एक गोष्ट मी जरा ठासून सांगतो. ज्या माळावर आधीच गवत आहे, तो नांगरू नका. काही ठिकाणी उत्साहाच्या भरात चांगला जुना माळ ट्रॅक्टरने उलथा करतात आणि मग त्यात विकतचं बियाणं टाकतात. तिथल्या गवताच्या मुळांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलेली माती पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला जाते. असल्या माळाला फक्त राखण द्या, घाणेरी आणि वेडी बाभूळ काढा, गवत आपोआप उठतं. पेरायचं ते खरोखर उघड्या पडलेल्या जागी. आणि माळ दिसला की झाडांचे खड्डे खणायची जी घाई होते, तीही इथे नको. काळविटाला मोकळं रान लागतं. लांबवर नजर गेली पाहिजे आणि पळायला वाट पाहिजे, त्यावरच त्याचा जीव अवलंबून असतो. दाट झाडी लावली की तो ती जागा सोडतो आणि वावरात येतो.

जागा निवडताना बघा, हमरस्त्याला लागून नको. गाड्यांखाली हरणं मरतात. विहिरीजवळ असेल तर आधी विहिरीला कठडा बांधा. बिनकठड्याच्या विहिरीत रात्री पळताना पडलेली हरणं आपल्या भागात दरवर्षी बाहेर काढावी लागतात, काही जिवंत, काही नाही. आणि हरभऱ्याच्या वावराला अगदी खेटूनही नको.

पेरणी मृगात किंवा आर्द्रात, एखादा चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावर. गवताचं बी हलकं, केसाळ, हातातून उडून जातं. ओलसर बारीक मातीत कालवून पेरा. एकरी दोन-अडीच किलो पुरतं. ओळीत हातभर अंतर ठेवा. बी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या खाली गेलं तर वर येत नाही, म्हणून तिफण नको. काकरी ओढा, बी टाका आणि बाभळीची फांदी वरून फिरवा. एक बारकावा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. याच वर्षीचं ताजं झाडलेलं गवताचं बी नीट उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. मागच्या दिवाळीच्या सुमाराचं बी या मृगाला वापरा.

मग येतो सगळ्यात अवघड भाग, आणि तो शेतीचा नाही, गावाचा आहे. पहिल्या वर्षी हे रान बघण्यासारखं दिसत नाही. वर चार पाती आणि मधे तरोटा, काँग्रेस गवत. लोक हसतात. गवत त्या वर्षी खाली मुळात वाढत असतं. त्या काळात गावच्या शेळ्या-मेंढ्या, गुरं आत शिरली तर सगळं संपलं. हरणं येतील, खातील, त्यांना हाकलू नका, त्यांची संख्या गुरांएवढी नसते. पण गुरांना पहिली दोन वर्षं पूर्ण बंदी हवी. ती काटेरी तारेने करू नका, पळणारं हरीण तारेत फाटतं. विजेचा करंट सोडणं हा तर गुन्हाच, माणसंही मेली आहेत त्यात. बंदी ग्रामसभेत ठरवून, मेंढपाळांना समोर बसवून, त्यांना गायरानाचा दुसरा तुकडा चराईला ठेवून करावी लागते. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असतेच, तिला हे काम द्या. समतल चर, दगडी बांध ही कामं रोजगार हमीतून घेता येतात का, ते पंचायत समितीत विचारा.

बंदीच्या बदल्यात गावाला काय? कापून नेणं. आश्विन-कार्तिकात बी झडून गेल्यावर एक तृतीयांश पट्टा विळ्याने कापून गोठ्यात न्या. पुढच्या वर्षी दुसरा तृतीयांश. याने दोन कामं होतात. गावाला चारा मिळतो, आणि कापलेल्या पट्ट्यात आखूड कोवळी फूट येते, जी काळविटाला उंच वाळक्या गवतापेक्षा जास्त आवडते. उंच राहिलेल्या पट्ट्यात पाडसं लपतात. कापायच्या आधी पट्टा पायी फिरून बघा. नवं पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहतं आणि आई लांब चरत असते. ते सोडून दिलेलं नसतं. हात लावू नका, घरी आणू नका. काळवीट आणि चिंकारा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना पाळणंसुद्धा गुन्हा आहे.

काँग्रेस गवत फुलायच्या आत, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. वेड्या बाभळीचं तर लहानपणीच उच्चाटन करा, कारण तिच्या शेंगा हरणंच खातात आणि लेंड्यांतून बी सगळ्या माळभर पेरतात. माघ लागला की कडेने जाळरेषा काढा, आठ-दहा हात रुंद, गवत खरवडून. बांध पेटवायची आपली जी सवय आहे, त्यातली एक ठिणगी दोन वर्षांची मेहनत खाऊन टाकते.

आपलं पेरलेलं खरंच कोण खातंय, हे कसं कळणार? पट्ट्याच्या मधोमध मीटरभर रुंदीची, कमरेएवढी उंच जाळी गोल उभी करा. आत कुणाचं तोंड जाणार नाही. महिन्याने आतलं गवत आणि बाहेरचं गवत शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखंच असेल तर हरणं येत नाहीत, जागा चुकली. बाहेर जमिनीसरसं झालं असेल तर पट्टा लहान पडतोय, आणखी अर्धा एकर धरा. मग वाकून खाल्लेली काडी बघा. ससा काडी तिरकी, चाकूने छाटल्यासारखी साफ कापतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून त्याची काडी चिरफाळलेली, तंतू निघालेली असते. आणि एकाच जागी लेंड्यांचा ढीग पुन्हा पुन्हा दिसला, तर एखाद्या नर काळविटाने ती जागा आपली ठरवली आहे असं समजा.

पाण्याचं थोडक्यात. पाणवठा उथळ, चारी बाजूंनी उताराचा करा, पाडस आत पडलं तरी चालत बाहेर आलं पाहिजे. पाणी आठवड्याला बदला, शेवाळ घासा. गावच्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्या, हा रोग गुरांतून हरणांत जाऊ शकतो. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा. कुत्र्यांच्या टोळीपुढे पाडसाचा टिकाव लागत नाही.

आणि ज्यांच्या वावरात तरीही नुकसान होईल, त्यांनी हरभऱ्याच्या कडेने करडईच्या चार-सहा ओळी टाकायची जुनी रीत पुन्हा सुरू करावी, करडई काटे धरते तेव्हा कळप आत शिरायला कचरतो. नुकसान झालंच तर रागाने फासे न लावता त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, फोटो काढून ठेवा, पंचनामा करून घ्या. भरपाई हा तुमचा हक्क आहे, आणि उशीर झाला की अर्ज अडतो.

मारवेलचे ठोंब आणि गवताचं बी यांची चौकशी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात करा. जाताना आधी फोन करून जा, पावसाच्या तोंडावर मागणी वाढते. ठोंब मिळाले तर ओल्या पोत्यात गुंडाळून आणा, उन्हात टेम्पोच्या टपावर टाकू नका, आणि शक्यतो त्याच संध्याकाळी लावून मोकळे व्हा.

नमस्कार.