दोघी एकाच खोलीत

(दृश्य: खिडकीपाशी भाची काचेचे मणी रंगांप्रमाणे मांडते आहे. तिच्याकडे पाठ करून आत्या जुने नकाशे चाळते आहे.)

वीस मिनिटं झाली, दोघी एक शब्दही बोललेल्या नाहीत. पाहणाऱ्याला वाटेल, यांचं काहीतरी बिनसलंय. भाचीला विचारलंत तर ती सांगेल, आज आत्याबरोबर खूप मजा आली.

दोघी ऑटिस्टिक आहेत. ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनच वेगळी घडण, त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात. स्वतःत मग्न. मूळ शब्दही त्याच अर्थाचा, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. नावानंच दार लावून घेतल्यावर अशा दोन माणसांची मैत्री कुणाच्या मनात येणार?

सिनेमाच्याही ती फारशी मनात आली नाही. 1988 सालच्या 'रेन मॅन'मध्ये भाऊ दोन, पण ऑटिस्टिक एकच. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, ऑटिझम हा शब्द असंख्य लोकांनी पहिल्यांदा ऐकला, हे मोठंच काम झालं. पण त्यात बदलतो धाकटा भाऊ, आणि गोष्टही त्याचीच होते. थोरल्याकडे आपण धाकट्याच्या नजरेनं बघत राहतो.

खरं तर एकाच घरात दोन ऑटिस्टिक माणसं असणं नवलाचं नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पुष्कळदा लहान मुलीचं निदान होतं, आणि तपासणीतले प्रश्न ऐकता ऐकता मोठ्या बाईला आपलंच बालपण ओळखू येतं. गोंगाटात कानांवर घट्ट दाबलेले हात. मानेला टोचणारी कपड्याची पट्टी. इतरांचं हसणं बघून आरशासमोर घोटलेलं हसू. अशी नक्कल करून स्वतःला झाकण्याला मास्किंग म्हणतात. त्यानं माणूस दमून जातो, आणि त्यामुळेच अनेक मुलींचं निदान वर्षानुवर्षं राहून जातं.

भाचीसमोर आत्याला ते हसू आणावं लागत नाही. माझ्या मते या कथेतलं सगळं नाट्य इथे आहे.

2012 साली डेमियन मिल्टन या समाजशास्त्रज्ञानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक साधी गोष्ट मांडली: ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या समजुतीत अंतर पडतं ते दोन्ही बाजूंनी. 2020 मध्ये एडिंबरामधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कानगोष्टींसारखा, आठ-आठ जणांच्या साखळ्यांचा. एकानं ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच चांगली टिकली. सांडली ती मिश्र साखळीत.

या दोघींची गोष्ट पडद्यावर आणायची तर घाई चालणार नाही. करुण संगीत घालायचा मोह होईल, तो आवरावा. त्याऐवजी ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू द्यावी, कारण त्या दोघींना ती ऐकू येते. आणि भूमिका ऑटिस्टिक कलाकारांना द्याव्यात. मणी फिरवणाऱ्या बोटांची लय शिकवून येत नाही.

(दृश्य: पुन्हा तीच खोली.)

भाची उठते. एक निळा मणी आत्याच्या नकाशावर, समुद्रात ठेवते.

आत्या मान वर न करता म्हणते, "हा गडद आहे. खोल पाण्यात ठेव."

भाची मणी उचलते आणि नकाशावरची सगळ्यात गडद निळी जागा शोधू लागते.