नदीकडे जाणं आणि नदीतून जाणं

(सोलापुरातल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, ‘मी तळ्यावर गेलो’ म्हटलं की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे सिद्धेश्वराचं तळं येतं. इथे तळं हे पोचायचं ठिकाण. ‘मी तळ्यात पुढे पुढे गेलो’ म्हटलं की तेच तळं हालचालीची जागा होतं. मराठीत हा फरक नामाच्या शेवटी कळतो. सभागृहात कन्नड आणि तेलुगू घरांतली मंडळी बसली आहेत, त्यांच्या भाषांतही हे काम मुख्यतः नामामागचे प्रत्ययच करतात. क्लिंगॉन या मुद्दाम रचलेल्या भाषेत नामाचा प्रत्यय तोच राहतो आणि फरक क्रियापदाच्या आरंभी येतो.

मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानं ही भाषा ‘स्टार ट्रेक’च्या १९८४ सालच्या चित्रपटासाठी बांधली, १९८५ मध्ये तिचा कोश आला. बर्कली विद्यापीठातला त्यांचा १९७७ चा प्रबंध कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन भाषेच्या व्याकरणावर होता. काल्पनिक परग्रहवासीयांच्या तोंडी घालायची भाषा, पण रचणारा माणूस व्याकरणात मुरलेला. म्हणूनच तिच्याकडे गंभीरपणे पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता नेमकं उदाहरण. ‘जाख़’ म्हणजे जाणं, ‘बिक्तिक’ म्हणजे नदी, ‘डाक’ हा स्थळाचा प्रत्यय. ‘बिक्तिकडाक विजाख़’ म्हणजे मी नदीकडे जातो. ‘बिक्तिकडाक जिजाख़’ म्हणजे मी नदीत आहे आणि तिथेच पुढे सरकतो आहे. बदललं काय? फक्त ‘वि’च्या जागी ‘जि’. ‘जि’ सांगतो की कर्ता मी आणि कर्म नाही, ‘वि’ सांगतो की कर्ता मी आणि कर्म तिसरं कुणीतरी. म्हणजे जिथे पोचायचं ती नदी चक्क कर्म होते. तसं झालं की ‘डाक’ गाळलं तरी चालतं: ‘बिक्तिक विजाख़’. हा बारकावा ओक्रँड यांनी १९९८ मध्ये क्लिंगॉनच्या अभ्यासकांच्या नियतकालिकातल्या मुलाखतीत उलगडला.

शाळेत आपण ‘जाणे’ अकर्मक म्हणून घोकलं, त्यामुळे हे विचित्र वाटेल. पण ‘ग्रामं गच्छति’ आठवा! तिथे गाव द्वितीयेत आहे. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘गत्यर्थकर्मणि द्वितीयाचतुर्थ्यौ चेष्टायामनध्वनि’. प्रत्यक्ष हालचाल असेल तर गतिवाचक धातूच्या कर्माला द्वितीया किंवा चतुर्थी, म्हणून ‘ग्रामाय गच्छति’ही चालतं. ‘अनध्वनि’ म्हणजे मात्र रस्ता सोडून: रस्त्याला द्वितीयाच. पोचायचं ठिकाण आणि धरलेली वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाणिनीनं एका शब्दात नोंदवून ठेवलं.

क्लिंगॉनमध्ये या वाटेसाठी वेगळं क्रियापद आहे, ‘ग़ोष’. (यातला ष आपला मूर्धन्य ष. मराठी जिभेला तो परका नाही.) कोशात त्याचे अर्थ जवळ जाणं, दूर जाणं, येणं, पुढे जाणं, मार्ग अनुसरणं असे दिलेत. ‘येणं’ आणि ‘दूर जाणं’ एकाच शब्दात कसं मावेल? मावतं, कारण त्याचा गाभा वाटेवरून जाण्यात आहे. ‘विजापूर रोड धर’ या वाक्यातून माणूस गावाबाहेर चाललाय की गावाकडे येतोय ते कळत नाही, बोलणाऱ्या दोघांना मात्र ते ठाऊक असतं. मराठीत ‘ये’ किंवा ‘जा’ म्हणताक्षणी बोलणारा कुठे उभा आहे ते ठरतं, ‘ग़ोष’ तेवढं प्रसंगावर सोडतो.

‘लेङ’चं वागणं ‘जाख़’सारखंच. ‘युक’ म्हणजे ग्रह. ‘युकडाक जिलेङ’ म्हणजे मी ग्रहावर हिंडतो, ‘युक विलेङ’ म्हणजे मी त्या ग्रहाच्या प्रवासाला निघालो आहे. आपल्याला इथे हिंडणं आणि प्रवास अशी दोन क्रियापदं लागतात.

माघारीच्या बाबतीत मात्र क्लिंगॉनही दोन शब्द ठेवते: ‘ख़ेड’ म्हणजे माघार घेणं, ‘ख़ाव’ म्हणजे पळ काढणं. योद्ध्यांच्या भाषेत हे दोन्ही एका शब्दात घालणं परवडलं नसतं, आणि बखरी वाचलेल्या मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायची गरज नाही.