शरीरातली अफू आणि पुरुषाची संप्रेरकं

श्रोतेहो, नमस्कार.

अफूपासून मॉर्फिन मिळतं, हे आपण जाणतो. पण मॉर्फिनसारखंच काम करणारी रसायनं आपलं शरीरही घडवतं. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे जॉन ह्यूजेस आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून त्यातली पहिली दोन, म्हणजे एन्केफॅलिन, ओळखून काढली. एन्डॉर्फिन आणि डायनॉर्फिन ही त्यांचीच भावंडं. वेदना बोथट करणारी ही रसायनं पुरुषाच्या संप्रेरकांवरही लगाम ठेवतात आणि याविषयी फारच कमी बोललं जातं.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं संप्रेरक सुटतं, तेही थांबून थांबून, साधारण दीड-दोन तासांनी एकदा. दर खेपेला मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक सोडते आणि त्या हुकमावर वृषणं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवतात. सगळी मदार या ठेक्यावर आहे. जीएनआरएच अखंड वाहत राहिलं, तर पिट्युटरी चक्क गप्प होते!

आता गंमत बघा. हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी किसपेप्टिन नावाचं रसायन तयार करतात, ते जीएनआरएचला चालना देतं. त्याच पेशी डायनॉर्फिनही तयार करतात, ते ती चालना थांबवतं. सुरुवात आणि विराम एकाच पेशीच्या हाती! शिवाय बीटा-एन्डॉर्फिनचा दाब असतोच. निरोगी पुरुषांना नॅलोक्सोन हे अफूविरोधी औषध दिलं, की एलएचच्या लाटा वाढतात. म्हणजे हा लगाम एरवीही लागलेलाच असतो.

बाहेरून ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखी, औषधं महिनोन्‌महिने घेतली, की हा लगाम फार आवळला जातो. टेस्टोस्टेरॉन उतरतं. थकवा येतो, कामेच्छा मावळते, स्नायू आणि हाडं कमजोर होतात. रुग्ण म्हणतो, दुखण्यामुळे होतंय; घरचे म्हणतात, वय झालं. मला याचंच वाईट वाटतं, कारण सकाळी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन आणि एलएच तपासले, तर कारण बहुतेक वेळा उलगडतं. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढलेलं नसेल, तर खोट वृषणांत नसून वरून येणाऱ्या हुकमात आहे.

अशी औषधं एकदम मात्र बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी केली, की संप्रेरकं बहुधा सावरतात. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं हाही एक उपाय आहे, पण मूल हवं असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. बाहेरून मिळालेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे एलएच आणखी दबतं आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी पूर्ण थांबते.