तीन क्रूस: एक पत्रा, दोन चित्रं

ॲमस्टरडॅम, १६५३. सुमारे ३८ सेंटिमीटर उंच, ४५ सेंटिमीटर रुंद, छाप काढण्यासाठीचा तांब्याचा पत्रा. त्यावर डच चित्रकार रेम्ब्रांट येशूच्या मरणाची घटका कोरतो आहे. मध्ये येशूचा क्रूस, दोन्ही बाजूंना दोन अपराधी, वरून उतरणारा उजेडाचा झोत आणि खाली गुडघे टेकलेला शताधिपती, म्हणजे रोमन सैन्याचा अधिकारी.

पद्धत ड्रायपॉइंटची. आम्ल नाही, मेणाचा थर नाही. टोकदार सुईने थेट तांबं ओरखडायचं. सुईने तांबं निघून जात नाही, रेघेच्या कडेला उचललं जातं. ही उचललेली धार म्हणजे बर. सुई उभी धरली तर ती दोन्ही कडांना उठते, तिरकी धरली तर एकाच. शाई चोपडून पत्रा पुसला, की रेघेबरोबर बरीतही शाई अडकून राहते. छापात मखमली, दाट काळा येतो तो तिच्यामुळे.

पुसण्यातही कसब आहे. रेम्ब्रांट कुठे पत्रा लख्ख करतो, कुठे शाईचा पातळ थर मुद्दाम ठेवतो. सुरुवातीचे काही छाप त्याने वेलमवर, म्हणजे ताणून वाळवलेल्या कातड्यावर काढले. वेलम कागदासारखं शाई पीत नाही. शाई वरच पसरते आणि रेघा मऊ होतात.

पण बर फार नाजूक. दर छापाला पत्रा यंत्राच्या रुळांमधून जातो, बर चेपते, आणि काही डझन छापांतच काळ्याचा राखाडी होतो.

जुन्या रेघा पुन्हा गडद करून भागलं असतं. पत्र्यात बदल करून पुन्हा छापला, की त्या रूपाला नवी ‘अवस्था’ म्हणतात. चौथ्या अवस्थेत मात्र रेम्ब्रांटने कितीतरी माणसं खरवडून काढली आणि ती जागा ओपणीने, म्हणजे धातू गुळगुळीत करायच्या हत्याराने, घासली. खरवडल्यावर तिथे खळगा पडतो. नीट ओपला नाही तर तो शाई धरतो. नीट बघा, पुसलेल्या आकृत्यांच्या खुणा अजून दिसतात. डावीकडचा उंच टोपीवाला घोडेस्वार नवा आहे, पिसानेल्लो या जुन्या इटालियन कलाकाराच्या पदकावरून घेतलेला. आणि वरून ओढलेल्या लांब, सरळ रेघांखाली उजवीकडचा अपराधी जवळजवळ बुडाला आहे.

लूकच्या शुभवर्तमानात या वेळी सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत, म्हणजे दुपारी बारापासून तीनपर्यंत, देशभर अंधार पडतो. पहिल्या अवस्थेत उजेडच अधिक जाणवतो. तो अंधार पुरता उतरतो तो इथे, चौथ्या अवस्थेत, झिजलेल्या पत्र्यावर. आमच्या मते दोन्हींत हेच चित्र मोठं.