मिठाची पिवळी रेषा आणि जमखंडीचं ग्रहण

श्रोतेहो, नमस्कार.

आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते. मीठ ज्योतीवर पडतं आणि मिठातलं सोडियम तो पिवळा रंग देतं. हा पिवळा रंग ध्यानात ठेवा. विषय ग्रहणाचा आहे, पण गोष्ट मिठाच्या वाटेनंच जाणार आहे.

18 ऑगस्ट 1868. खग्रास सूर्यग्रहण. चंद्राची सावली कोकणातून घाट चढून विजापूर, गुंटूरकडे निघालेली. वाटेत जमखंडी, सांगलीहून शंभरेक किलोमीटरवर. तेव्हा तेही पटवर्धनांचंच संस्थान, म्हणजे सांगली-मिरजेच्या भावकीतलं. तिथं दुर्बीण लावून बसला होता लेफ्टनंट जॉन हर्शेल. त्याच्या आजोबांनी, विल्यम हर्शेल यांनी, 1781 मध्ये युरेनस शोधला. वडीलही मोठे खगोलशास्त्रज्ञ. नातू मात्र फौजेतला इंजिनिअर, जमीन मोजणाऱ्या खात्यात नोकरीला.

आणि ऑगस्ट महिना! ढगांची ये-जा चाललेली. सूर्य पूर्ण झाकला जाणार जेमतेम पाचेक मिनिटं, त्यातली बरीचशी ढगांनी खाल्ली. ढग फाटला, की दिसेल तेवढं पाहायचं. सूर्याच्या कडेला ज्वाळा दिसतात, त्या कशाच्या, हा प्रश्न होता. दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडलेला, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र. त्यात त्याला काय दिसलं? सलग इंद्रधनुष्य नाही. तीन सुट्या, ठळक रेषा. लाल, नारिंगी आणि निळी. तीनच. सुट्या रेषा म्हणजे तापलेला विरळ वायू. सूर्याच्या ज्वाळा वायूच्या आहेत, हे जमखंडीच्या ढगाळ आभाळातून दिसलं. आसपासच्या घरांत तेव्हा चुली विझवून, पाण्यात तुळशीपत्र टाकून माणसं बसलेली असणार.

आता ती मधली, नारिंगी-पिवळी रेषा. प्रत्येक पदार्थाच्या रेषांची जागा ठरलेली असते, मिठातल्या सोडियमच्या पिवळ्या रेषेचीही. ही रेषा त्या मिठाच्या रेषेच्या इतकी जवळ, की सोडियमच असणार, असं कुणालाही वाटावं. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसताना त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. पिवळी रेषा मिठाच्या जागेवर बसेना. अगदी शेजारी, पण वेगळी. म्हणजे पदार्थच वेगळा! सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर तो हाती लागला 1895 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना, एका खनिजात. तोवर सत्तावीस वर्षं तो फक्त सूर्यावरच होता म्हणा ना.

जाता जाता एक. लॉकियर यांनी हेलियम विजयदुर्गावरून शोधला, असं मोठ्या हौसेनं सांगितलं जातं. ते विजयदुर्गाला आले होते, पण 1898 च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. आपल्या मुलखाला मान द्यायचाच, तर 1868 चा मान जमखंडीला द्या.

बरं, ग्रहणाच्या दिवशी स्वयंपाकघर काय करतं? परातीत पाणी घालून मुसळ उभं करतं. मुसळाचं बूड सपाट असलं की ते कुठल्याही दिवशी उभं राहतं, दिवाळीतसुद्धा. त्या पाण्यात सूर्याचं प्रतिबिंब मात्र बघू नका. पाणी शंभरातले दोन भाग प्रकाश परत फेकतं. ग्रहणाच्या चांगल्या चष्म्यातून लाखातले जेमतेम तीन भाग येतात. कुठं दोन हजार, कुठं तीन! काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, काहीच चालत नाही.

त्यापेक्षा झारा घ्या. सूर्याकडे पाठ करा, झारा उन्हात धरा आणि सावली भिंतीवर पाडा. एका मीटरवर प्रत्येक भोकातून नऊ मिलिमीटरची चंद्रकोर पडते, दोन मीटरवर त्याच्या दुप्पट. फार जवळ धरलं तर नुसती भोकं दिसतात. भोकं दाट असली तर कोरी एकमेकींवर चढतात. म्हणून दोन-तीन भोकं लांब-लांबची ठेवा, बाकीची कणकेनं बुजवा. बुंदीच्या झाऱ्याची भोकं मोठी, कोर पुसट येते. पुठ्ठ्याला दाभणानं दोन मिलिमीटरचं भोक पाडलं तर सगळ्यात स्वच्छ. पुन्हा सांगते : बघायचं भिंतीकडे, सूर्याकडे नाही. 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास आहे. पावसाळा, तेव्हा ढगांशी गाठ हर्शेलसारखीच.

अन्नाचं म्हणाल तर ते ग्रहणानं नासत नाही, उकाड्यानं नासतं. वेध लागायच्या आत भात करायचा आणि तुळशीपत्र घालून रात्रभर ओट्यावर ठेवायचा, यात पोट बिघडवतो तो ओट्यावरचा मुक्काम. भात दोन तासांच्या आत पसरट ताटात निववून फ्रीजमध्ये. आणि पोटुशीला ग्रहणात उपाशी ठेवणं मला साफ नामंजूर आहे. तिला वेळेवर वाढा.

चंद्रग्रहणाला ना झारा लागतो, ना चष्मा. नुसत्या डोळ्यांनी बघा. 31 डिसेंबर 2028 ला खग्रास आहे, ऐन थर्टी फर्स्टला. रात्री पावणेदहापासून अकराच्या सुमारापर्यंत चंद्र तांबूस दिसेल. तेव्हा गच्चीवर रश्श्याचा बेत असेल तर पंगत नऊला बसवा, नाहीतर ताटं गच्चीवरच मांडा आणि दिवे मालवा.