तंजावर: देऊळ, सावली आणि आमची आत्या

नमस्कार मंडळी. आज तंजावरला जाऊया. कावेरीच्या काठचं, तामिळनाडूतलं, आणि आपल्या भोसल्यांचं तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे गेले आणि त्यांच्या घराण्याने 1855 पर्यंत तिथे गादी सांभाळली, हे शाळेत एका ओळीत होतं आणि त्या ओळीवर कधी प्रश्न आला नाही म्हणून आपण विसरलो.

आधी देऊळ, कारण गाव त्याच्याच भोवती आहे. बृहदीश्वर, तिथले लोक म्हणतात पेरिय कोविल, मोठं देऊळ. राजराज चोळाने बांधलं, 1010 मध्ये पूर्ण झालं. गाभाऱ्यावरचं शिखर, ज्याला तिकडे विमान म्हणतात, ते 200 फुटांच्याही वर, तेरा मजल्यांचं, आणि सगळं ग्रॅनाइट. आता गंमत अशी की तो सगळा गाळाचा सपाट प्रदेश, भातशेतीच भातशेती, असा दगड आसपास कुठे मिळत नाही, म्हणजे प्रत्येक चिरा बाहेरून ओढून आणलेला. कसा आणला यावर गाइड लोकांकडे भरपूर गोष्टी आहेत.

गाइडवरून आठवलं, म्हणजे खरं तर हेच सांगायला मी आज आलोय.

आमच्याबरोबर आत्या होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत अख्खी नोकरी गणित आणि भूमिती शिकवण्यात गेलेली, आता रिटायर, पण समोरचा माणूस सातवीच्या वर्गात बसलाय असंच समजून बोलते. तिला मुळात यायचंच नव्हतं, दगड बघायला इतक्या लांब कशाला, आपल्याकडे काय दगडांची कमी आहे का, सह्याद्री आहे की, असं प्रवासभर चाललेलं. सकाळचे दहा वाजून गेले होते. चपला बाहेर काढलेल्या आणि दहाच्या पुढे तिथली फरशी म्हणजे तवा. आत्या विमानाच्या मागच्या बाजूला सावलीचा एक मोठा तुकडा होता तिथे जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर, पाण्याची बाटली काखेत. आमचा गाइड मोडक्या हिंदीत पण जोरात सांगत होता, की या देवळाचा चमत्कार असा, साहेब, की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. कधीच नाही! सायन्सला उत्तर सापडलेलं नाही!

आम्ही सगळे वर बघून माना डोलावतोय, एकाने तर व्हिडिओ चालू केला, आणि मागून आवाज आला, "मग मी कशात उभी आहे?"

गाइड म्हणाला, अम्मा, ये दूसरा छाया है. आत्या म्हणाली, दूसरा किसका? इकडे दुसरं काय उंच आहे ते दाखव. तो म्हणाला, अम्मा, वरच्या कळसाची सावली पडत नाही. तेव्हा आत्या त्या सावलीच्या कडेकडेने चालायला लागली, पाय पोळत होते म्हणून आत एक पाऊल, बाहेर एक पाऊल असं करत, आणि पार टोकाला जाऊन थांबली. तिथे सावलीला गोल टोक होतं आणि त्यावर बारीक उभा ठिपका. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, हा बघ कळस. माझ्या पायाखाली. मग जागच्या जागी तास सुरू! खाली चौथरा किती रुंद, वर निमुळतं कसं होत गेलंय, सूर्य डोक्यावर आला की शिखराची सावली त्याच्याच अंगावर पडते, जमिनीपर्यंत पोचत नाही, तेही उन्हाळ्यात भर दुपारी, बाकी वेळी पडते, सगळ्यांचीच पडते. गाइड बिचारा वही नसलेल्या पोरासारखा उभा.

आणि भिंतीकडून हसायचा आवाज आला. ओवरीच्या सावलीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते, वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला विभूती, आम्हाला वाटलं तिथलेच कोणी तामिळ आजोबा. ते हसत हसत म्हणाले की बाई बरोबर सांगतात, मी लहानपणापासून याच सावलीत बसतोय. हे मराठीत! चाल सगळी तामिळ, शब्द आखडून, मध्येच एखादा आपल्या पणजीच्या तोंडचा वाटावा असा, पण मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच बोलतात म्हणाले, लिहिता-वाचता मात्र तामिळच येतं. तंजावरी मराठी बोलणारी अशी घरं अजून आहेत मंडळी. तर आत्या, जिला दगडांत रस नव्हता, ती त्या आजोबांबरोबर नैर्ऋत्येकडच्या भिंतीशी गेली. तिथे तंजावरच्या गादीवरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, देवनागरी अक्षरं, आपली मराठी, भिंतभर. आजोबांना ऐकून अर्थ कळत होता पण अक्षर येत नव्हतं, आत्याला अक्षर येत होतं पण ती जुनी भाषा अडत होती, तर ही वाचायची, ते सांगायचे, आणि आमचा गाइड दोघांच्या मध्ये उभा राहून मन लावून ऐकत होता. आम्ही जेवायला चला म्हणून हाका मारतोय, कोण ऐकतंय.

असो. वेळ बराच गेला. तर लक्षात ठेवा, देवळात सकाळी लवकर जा. परत सांगतो, सकाळी लवकर. दुपारी गाभारा बंद, तो चारच्या सुमारास उघडतो, आणि दगडावर पाय ठेववत नाही. सोबत जुने मोजे ठेवा.

देवळाच्या भिंतींवर राजराजाचे तामिळ लेखही आहेत. देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावं, कोण कुठल्या गावच्या देवळातून आली, आणि कुठल्या गल्लीत कितवं घर दिलं, हे सगळं दगडात. राजाच्या थोरल्या बहिणीने, कुंदवैने, काय दिलं तेही. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स धड लिहीत नाहीत.

राजवाड्यात सरस्वती महाल लायब्ररी बघाच. भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातली, सरफोजींनी वाढवलेली. ताडपत्रं आहेत, मोडी कागद आहेत, हजारो मराठी हस्तलिखितं आहेत. हे सरफोजी मोतीबिंदूची ऑपरेशनं करायचे आणि त्याच्या नोंदी ठेवायचे. आणि जाता जाता माझं एक मत, पटो न पटो. आपण मराठी नाटकाची सुरुवात 1843, सांगली, विष्णुदास भावे अशी घोकतो, पण तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, 1712 च्या आधीच मराठीत नाटकं लिहून बसले होते. सांगलीकरांनी रागावू नये, सांगलीबद्दल मला प्रेमच आहे, भडंग तर मी दुसरीकडचं खात नाही.

आता आसपास. कुंभकोणम साधारण 40 किलोमीटर, आणि त्याच्या अलीकडे दारासुरम, ऐरावतेश्वराचं देऊळ, बाराव्या शतकातलं. बृहदीश्वरासारखं दडपून टाकत नाही, जवळ जाऊन बघायचं देऊळ आहे. एका शिल्पात बैल आणि हत्तीला मिळून एकच डोकं आहे, हाताने अर्धं झाकलं की बैल, उरलेलं झाकलं की हत्ती, मुलं तिथून हलत नाहीत. सूर निघणाऱ्या दगडी पायऱ्याही आहेत, पण त्यांना आता जाळी लावलीय, आणि बरंच केलं, लोक नाण्याने ठोकायचे. तिथल्याच जवळच्या स्वामीमलै गावात मेणाच्या नमुन्यावरून धातूच्या ओतीव मूर्ती करतात, ते काम बसून बघता येतं. राजराजाच्या मुलाचं, राजेंद्र चोळाचं, गंगैकोंड चोळपुरमचं देऊळ थोडं लांब, सत्तरएक किलोमीटर, तिथे गर्दी कमी असते. दारासुरम आणि गंगैकोंडची ही दोन्ही देवळं आणि बृहदीश्वर मिळून युनेस्कोच्या यादीत आहेत. टूरवाले तिन्ही एका दिवसात उरकतात, बसमधून उतरा, फोटो, बसा. तसं करू नका. एका दिवसात दोन, फार तर. दोनच.

कॉफी कुंभकोणमला पितळी डबऱ्यात, म्हणजे पेला-वाटीत मिळते, साखर कमी सांगा, नाहीतर पाक देतात.

तिरुवैयारू अगदी जवळ आहे, तंजावरपासून तेराएक किलोमीटर, तिथे कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी. पौष वद्य पंचमीला आराधना असते, सगळे गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच रचना, पंचरत्न कृती, गातात. त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, तेव्हा बुकिंग आधी करा. स्टुडिओच्या काचेपलीकडून मला वेळ संपल्याची खूण होतेय. नमस्कार.