येवा, पण शनिवार-रविवारापुरते नको

नमस्कार मंडळी. संध्याकाळची वेळ आहे, कोण चुलीपाशी असेल, कोण रिक्षा स्टँडवर गाडी लावून बसला असेल, आणि कोण तिकडे मुंबईत लोकलच्या दारात उभं राहून मोबाईलवर ऐकत असेल, आणि खरं सांगू का, आज मला त्या लोकलमधल्या माणसाशीच जास्त बोलायचंय.

आपल्याकडे एक वाक्य सगळीकडे लिहिलेलं दिसतं, येवा कोकण आपलाच असा. हॉटेलावर, एसटी स्टँडवर, टीशर्टवर पण. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि तेव्हापासून आपण पाहुण्यांची वाट बघायला शिकलो, ते चांगलंच झालं, तारकर्ली-मालवणात कितीतरी घरं त्यावर उभी राहिली. पण माझं म्हणणं असं की ते येवा पाहुण्यांइतकंच आपल्या स्वतःच्या माणसांना पण आहे. इथे जन्मले, इथल्या शाळेत शिकले आणि बारावी झाल्या झाल्या गाडीत बसले त्यांना. आणि तुम्ही फिरायला येताच हो, गणपतीला येता, शिमग्याला येता, मी धंदा करायला या म्हणतोय.

मी स्वतः बारा वर्षं मुंबईत काढली. बदलापूरला राहायचो, ऑफिस लोअर परळला. सकाळी सातची गाडी, दादरला उतरून पूल ओलांडायचा, परत दुसरी गाडी, घरातून निघाल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत दोन तास आणि येताना पण दोन तास. एकदा बसल्या बसल्या हिशोब केला, दिवसाचे चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे १०० तास. महिन्याला १०० तास मी नुसता उभा असायचो. पोरगी सकाळी झोपलेली असायची आणि रात्री पण झोपलेली असायची, तिची उंची वाढली हे मला दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा बघून कळायचं.

२०२० मध्ये सगळ्यांसारखा मी पण गावी आलो, कुडाळ तालुक्यात आमची वाडी आहे. पहिल्या आठवड्यात शेजारची काकी पाण्याला जाताना विचारायची, काय रे झिला, परत जातलंस की रवतलंस? मी म्हणायचो बघू. वर्षभर बघू बघू केलं आणि मग राहिलोच.

काजूचं युनिट टाकायचं ठरवलं कारण काजू माहीत होता. आमच्या घराच्या मागे डोंगरावर वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची झाडं आहेत, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ह्या जाती, बी मोठी आणि भरलेली. वेंगुर्ला काजूला २०१६ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे ह्याच भागाचा माल म्हणून सरकारी ओळख, पण मिळालं, कोकमाला पण त्याच सुमारास, हापूसला २०१८ मध्ये. म्हणजे नाव आहे, माल आहे. आणि तरी आपली कच्ची बी गोणीत भरून बाहेर जाते, दुसरा फोडतो, दुसरा पॅक करतो आणि आपण त्याच काजूचं पाकीट दुकानातून विकत घेतो. हे मला फार लागलं होतं.

आता जमीन आपली, डोंगर आपला, मग अडचण काय, असं मला वाटलेलं. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले सातबारा आणा. आणला. त्यावर १९ नावं. आजोबांची, आजोबांच्या भावांची, आत्यांची, त्यातली काही माणसं कधीच गेली, त्यांचे वारस लागलेले नाहीत, एक काका बडोद्याला, दोन चुलत बहिणी पुण्यात, एकीचं सासर बेळगावला. साहेब म्हणाले ह्या जागेवर कर्ज होणार नाही. दुसऱ्या बँकेत गेलो, तिथे पण तेच. तीन वेळा परत पाठवलं. मंडळी, कोकणात धंदा का उभा राहत नाही ह्यावर लोक मोठमोठी कारणं सांगतात, रस्ता नाही, लाईट नाही, पोरांना काम नको, पण मला विचाराल तर अर्धी गोष्ट त्या सामायिक सातबाऱ्यात अडकलीये. जमीन सगळ्यांची म्हणून कुणाचीच नाही. भाऊबंदकीत आंब्याच्या कलमाची एक फांदी कुणाची ह्यावरून कोर्टात गेलेली माणसं आपण बघितलीयेत.

मग आमच्या बाबांनी युक्ती सांगितली. म्हणाले गणपतीपर्यंत थांब. २०२१ च्या गणपतीत, दीड दिवसाचा असो की पाच दिवसांचा, अख्खा घराणा एका घरात असतो. मी सगळी कागदपत्रं करून ठेवली, वारस नोंदीचे अर्ज, आणि मला दहा गुंठे जागा भाड्याने वापरायला द्यायचं संमतीपत्र. दुसऱ्या दिवशी दुपारची आरती झाली, जेवणं झाली, बायका केळीची पानं उचलत होत्या आणि पुरुष मंडळी पडवीत पान लावत बसलेली, तेव्हा बाबांनी विषय काढला. अर्धा तास शांतता. मग बडोद्याचे काका म्हणाले, जागा विकतोय का? नाही म्हटलं, जागा नावावर नको, फक्त वापरायला द्या, भाडं दरवर्षी गणपतीच्या खर्चात जमा करतो. त्या एका वाक्याने काम झालं. सगळ्यांनी सह्या केल्या, बेळगावच्या बहिणीने व्हिडिओ कॉलवर बघून कुरिअरने कागद पाठवला. तेव्हापासून आमच्या गणपतीची सजावट, भजनी मंडळींचा चहा-उसळ हा सगळा खर्च युनिटच्या भाड्यातून होतो आणि ज्यांनी सही केली ते सगळे दरवर्षी येऊन आधी काजू वाफवायचा बॉयलर बघून जातात.

पैशाचं सांगतो पटकन. अन्न प्रक्रियेच्या छोट्या उद्योगांना केंद्राची योजना होती, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग, त्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, कर्जाला जोडलेलं. आम्ही त्यातूनच घेतलं, कृषी विभागाचा माणूस जिल्ह्याला असतो तो फाईल करायला मदत करतो. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, तो जिल्हा उद्योग केंद्रातून चालतो. आज काय चालू आहे, काय नियम आहे ते प्रत्यक्ष जाऊन विचारा, एजंटला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी तर फुकट आहे, घरी बसून मोबाईलवर होते, त्यासाठी पण लोकांनी दोन दोन हजार घेतलेले मी पाहिलेत.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी आज आलोय. काम आणि घर ह्याचा मेळ.

युनिट सुरू झालं तेव्हा मी मुंबईच्या कंपनीसारखं टायमिंग लावलं, नऊ ते सहा, हजेरीचं रजिस्टर, महिन्याला ठराविक टार्गेट. वाडीतल्या आणि शेजारच्या वाडीतल्या मिळून १४ बायका कामाला. काजूचं काम कसं असतं ते सांगतो, बी आधी वाफेवर शिजवायची, रात्रभर पसरून थंड करायची, दुसऱ्या दिवशी कटिंग मशीनवर एकेक बी फोडायची, गर बोरम्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकवायचा, मग साल काढायची आणि मग ग्रेडिंग. टरफलातलं तेल इतकं जहाल की बोटांची कातडी निघते, म्हणून हातमोजे, आणि ज्यांना हातमोज्यात जमत नाही त्या हाताला तेल चोपडून बसतात. १०० किलो बीतून साधारण पाव भाग गर निघतो. ग्रेडिंगला बसलेली बाई नजरेने सांगते हा २४०, हा ३२०. हे आकडे म्हणजे एका पौंडात किती गर बसतात ते, आकडा जितका लहान तितका काजू मोठा. आमच्याकडची एक काकू शाळेत चौथीपर्यंत गेलेली, ती सुपात मूठभर गर पसरते आणि बोटाने तीन ढीग करते, वजन करून बघा, चुकत नाही. पाकळी वेगळी, तुकडा वेगळा.

तर जुलै आला आणि एका सकाळी १४ पैकी ३ बायका आल्या. मी चिडलो, फोन लावले. त्या काकूंनीच मला सांगितलं, झिला, भाताची लावणी काय तुझ्या बॉयलरसाठी थांबाची नाय. मी दोन दिवस तणतणत होतो आणि मग रजिस्टर घेऊन बसलो आणि बघितलं की ही लोकं कामचुकार नाहीत, ह्यांचं एक कॅलेंडर आहे आणि माझं दुसरं आहे, आणि ह्यांचं जास्त जुनं आहे. काजूची बी मार्च ते मे येते, चांगली उन्हात सुकवून गोणीत ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. म्हणजे मला जुलैमध्ये रोज फोडायची गरजच काय? पावसात तर हवेतली ओल इतकी की गर बोरम्यात जास्त वेळ ठेवावा लागतो, लाकूड जास्त जळतं, लाईट जाते ती वेगळीच. तोटा मीच करून घेत होतो.

पुढच्या वर्षीपासून लावणीचे तीन आठवडे युनिट बंद. गणपतीत आठ दिवस बंद. बाकी दिवस साडेनऊ ते साडेचार, कारण साडेचारला निघालं की बाई उजेडात घरी पोचते, गुरं बांधते, पोराला जेवण करून देते. आणि ऑक्टोबर ते मे जोरात काम. वर्षाचा माल पूर्वीपेक्षा कमी झाला नाही. उलट सोडून जाणाऱ्या बायका थांबल्या, नवीन माणसाला शिकवण्यात जो गर तुटायचा तो तुटायचा थांबला, आणि अख्खा गर आणि तुकडा ह्याच्या भावात केवढा फरक असतो ते काजूवाल्याला विचारा.

इथला समुद्र बघा की. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, कारण मासळी अंडी घालते आणि समुद्र पण खवळलेला असतो. त्या दोन महिन्यांत खलाशी घरी असतात, जाळी दुरुस्त करतात, शेती करतात. मालवणातले बोटवाले, स्कुबावाले पावसाळ्यात बंद ठेवतात. कोकमाची सोलं घालणारी बाई मे महिन्यात पावसाशी शर्यत लावते, सोलं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, असं काळी होईपर्यंत, आणि एक वळीव आला की सगळं उचलून आत पळायचं, पण एकदा पाऊस लागला की ती मोकळी. इथे प्रत्येक धंद्याला स्वतःची सुट्टी आहे. मुंबईत असताना मी सुट्टी मागून घ्यायचो, इथे ती हंगामातच बसवलेली आहे, फक्त तिच्याशी भांडायचं नाही आणि बाकीच्या महिन्यांत कमावून ठेवायचं.

लपवाछपवी नको म्हणून हे पण सांगतो. पावसात लाईट जाते, कधी कधी दोन दिवस येत नाही, इन्व्हर्टर किंवा जनरेटर धरूनच हिशोब करा. ऑनलाइन काम करणार असाल तर घर बांधायच्या आधी त्या जागेवर उभं राहून रेंज बघा, दोन कंपन्यांची बघा. मोठं आजारपण आलं की अजूनही आपण गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पळतो, घरात म्हातारी माणसं असतील तर ह्याचा विचार करून मगच या. मुंबई-गोवा हायवे आमच्या सिंधुदुर्गात चांगला झाला पण वर रायगडात किती वर्षं रखडला ते तुम्ही गणपतीत येताना भोगलंयच. २०२१ मध्ये मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमची ४० झाडं एका रात्रीत आडवी झाली, वीस वर्षांची झाडं. विमा काढा, नक्की काढा.

पण आपल्या बापजाद्यांच्या वेळी ह्यातलं काहीच नव्हतं हे पण बघा. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी माणूस बोटीने नाहीतर एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करत जायचा. आज मी संध्याकाळी कुडाळला गाडीत बसलो की सकाळी मुंबईत व्यापाऱ्यापुढे सॅम्पल ठेवतो. चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्याचा मोपा विमानतळ तर बांद्याला लागूनच सीमेपलीकडे. पूर्वी मुंबईची मनीऑर्डर आली की गावात चूल पेटायची. आता मी उलटं करतो, माझ्या मुंबईतल्या बहिणीला दिवाळीला गावातून काजू, सोलं आणि पैसे पण पाठवतो, तिच्या मुलाच्या शिक्षणाला. बाबांनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

माझी मुलगी आता सातवीत आहे. साडेचारला युनिट बंद झालं की आम्ही दोघं व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर जातो, ती मला कुठल्या दगडाखाली कुर्ली, म्हणजे खेकडा, असते ते दाखवते. हे तिने मला शिकवलंय, मी तिला नाही.

तर लोकलमधल्या दादा, ताई, नोकरी उद्याच सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. एवढंच करा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, १५ रुपयांत, तो आज रात्री काढून बघा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ती एका कागदावर लिहा, कोण गेलं, त्याची मुलं कुठे आहेत, फोन नंबर काय. आणि येत्या गणपतीला तो कागद बॅगेत घालून या. आरती होऊ दे, जेवणं होऊ दे, मंडळी पडवीत बसली की मग काढा.